नानांचा चाकू आणि रशीदभाईंचं म्यान

आमच्या शेजारच्या नानांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत औषधाला एक केस सापडायचा नाही. उजव्या हातावर मात्र जंगल. हा काही आजार नव्हे. नाना घरी चाकू बनवतात, आणि धार लागली का नाही ते स्वतःचा हात भादरून बघतात. डावा हात संपला की मग समोर जो असेल त्याचा नंबर. "जरा हात द्या बरं इकडं," असं ते लाडानं म्हणाले की ओळखून घ्यायचं. मी भर उन्हाळ्यातही त्यांच्याकडं फुल बाह्यांचा शर्ट घालूनच जातो. आमच्या मेव्हण्याला बिचाऱ्याला हे ठाऊक नव्हतं. दिवाळीला आला आणि एका हातानं गुळगुळीत होऊन परत गेला. बायको अजून मलाच बोलते.

बरं, माणूस माळकरी! रस्त्यात अंडं फुटलेलं दिसलं तरी तोंड फिरवणारा. जन्मभर ग्रामसेवकी केली. रिटायर झाल्यावर लोक देवाला लागतात, हे चाकूला लागले. कळंबच्या झाडून सगळ्या भंगारवाल्यांना सांगून ठेवलंय, जीपच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा, तुकडा आला की पहिला फोन नानांना. मागच्या अंगणात भट्टी, आणि भट्टीला वारा घालायला सुनेचा केस वाळवायचा ड्रायर. लालभडक पातं विझवायला कर्डीचं तेल, तेही काकूंच्या डब्यातलं. सगळ्या गल्लीत भज्यांचा वास सुटतो आणि भजी कुणालाच मिळत नाहीत.

एवढं करून त्यांच्या घरात भाजी चिरली जाते ती काकूंच्या विळीवर. "मला कोथिंबीर चिरायचीय, कुणाची मुंडी न्हाय," असं काकूंचं म्हणणं. मी एकदा विचारलं, "नाना, एवढे चाकू करून करायचं काय?" तर म्हणाले, "तुम्ही दिवसभर क्रिकेट बघता, कुणी तुम्हाला बॅटिंगला बोलावलंय का?"

चाकू झाला की म्यान आलं, आणि म्यान म्हटलं की रशीदभाई आले. रशीदभाई म्हणजे नानांचे शाळेतले सोबती. बसस्टँडमागं मोटारसायकलींच्या सीटा शिवायचं त्यांचं दुकान होतं. ते बंद केलं, पण हात काही स्वस्थ बसेनात. रोज चहाच्या वेळेला आरी आणि मेण लावलेला दोरा घेऊन नानांच्या ओट्यावर हजर. चामडं भिजवायचं, चाकूवर दाबून त्याच्या अंगाचं करायचं, वाळलं की शिवायचं. मग चाकू आत घालून म्यान उलटं धरायचं आणि हलवायचं. चाकू पडला नाही तर पास.

"रश्या, ढिलं झालंय."

"म्यान बराबर हाय नान्या. तुझा चाकूच दुबला हाय."

सत्तरीच्या घरातली ही दोन माणसं, पण भांडताना पाचवीच्या वर्गातली. मी आपला पेपर तोंडापुढं धरून ऐकत बसतो. टीव्हीवर एवढी करमणूक नाही हो!

यंदा मात्र या भांडणावर विरजण पडलं. रशीदभाईंचा मुलगा पुण्याला असतो. भाभी गेल्यापासून अब्बा एकटेच, म्हणून त्यानं त्यांना कायमचं घेऊन जायचं ठरवलं. पोरगा चांगला, नाही म्हणायला तोंड नाही. नानांनीही लगेच, "जा की, नातवंडात रमशील," असं म्हणून टाकलं आणि आठवण म्हणून एक झकास चाकू करायला घेतला. चांगलं रुंद पातं, बाभळीची मूठ. रशीदभाईंनी माझ्यादेखत मुलाला फोन केला, "ह्याचं म्यान शिवून झालं की निघतो बेटा."

आणि ते म्यान काही होईना! संध्याकाळी शिवून बसवावं तर अगदी घट्ट, दुसऱ्या दिवशी बघावं तर चाकू टपकन खाली. रशीदभाई चक्रावले. "चमडा ताणाया लागलाय का काय?" म्हणत त्यांनी नवं म्यान घेतलं. तेही ढिलं झालं. मुलगा गाडी घेऊन निघायचा आणि अब्बांचा फोन आला की थांबायचा.

एकदा सकाळी भिंतीपलीकडून खसखस आवाज आला म्हणून डोकावलो, तर नाना त्याच चाकूचं पातं दगडावर घासत बसलेले. "नाना, धार तर केव्हाच लागली की," मी म्हणालो. ते दचकले. पातं बघितलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्यांदा कलिंगड कापता येईल एवढं रुंद होतं, आता पेरू कापायच्या लायकीचं उरलं होतं.

"अहो, अशानं चाकू संपंल," मी जरा चिडूनच म्हणालो.

"संपू द्या," नाना मान खाली घालून म्हणाले. "तो गेल्यावर ढिलं झालंय म्हणून म्या कुणाला सांगू?"

मी रशीदभाईंना काही सांगितलं नाही.

शेवटी मुलगा न कळवताच गाडी घेऊन आला. सामान चढलं, गल्ली गोळा झाली. नाना चाकू घेऊन बाहेर आले. म्यानात चिंधी कोंबून तो कसाबसा बसवला होता. आता आमच्याकडं चाकू, विळी कुणी कुणाच्या हातात देत नाही. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची, नाहीतर दोघांत भांडण लागतं म्हणतात. रशीदभाईंना हे पाठच. ते ओट्याकडं बोट करून म्हणाले, "ठेव की खाली."

नाना ठेवेनात. त्यांनी रशीदभाईंचा हात ओढला, चाकू तळहातावर ठेवला आणि वरून त्यांची बोटं मिटवली.

"अरे खुळ्या, हातात काय देतूस? भांडण लागतंय!"

"लागू दे," नाना म्हणाले. "रोज फोन करून भांड माझ्याशी."

रशीदभाई चाकू तसाच छातीशी धरून गाडीत बसले. निरोपाचं काही बोलायचं राहूनच गेलं. गाडी गेली, माणसं पांगली, नाना ओट्यावर एकटेच बसून राहिले. गाडी वाटेतल्या येरमाळ्यापर्यंतही पोचली नसेल, त्यांच्या खिशातला फोन वाजला.