भास्करभाऊंच्या ऑपरेशनचं जेवण

ऑपरेशनचं आमंत्रण घरोघरी अक्षता देऊन करणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आमच्या चेरीताल मोहल्ल्यात आहे. भास्करभाऊ. "परवा पुन्हा वर्कशॉपमध्ये चाललो बाप्पा! उद्या संध्याकाळी सहकुटुंब जेवायला यायचं."

भाऊ गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेले, म्हणून दवाखाना म्हणजे वर्कशॉप. एकेकाळी ते पंगतीत बसले की वाढपी घाबरायचे. मग शुगर वाढली, गुडघे कुरकुरू लागले आणि भाऊंनी पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. वजन उतरलं, पण वर्कशॉप सुटलं नाही. आधी पित्ताशयात खडे, मग आतड्याला पीळ, मग हर्निया. "एक बोल्ट कसला की दुसरा ढिला!"

दर ऑपरेशनआधी वहिनींच्या हातचं जेवण. वडाभात, पाटोडीचा रस्सा, पुरणपोळी. भाऊ वाटीभर वरण घेऊन बसायचे, तेही अर्धं उरायचं. बाकी वेळ नुसता आग्रह. "काहून लाजून राहिला? तुझं पोट तर ओरिजिनल आहे ना! लो भैया, एक पोळी और!" आम्ही हसायचो आणि हादडायचो. या माणसाला एवढा कसला उत्साह, ते काही कळायचं नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा पोटात दुखलं म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. तपासून डॉक्टर म्हणाले, "इस बार ऑपरेशन की ज़रूरत नहीं. दवा से ठीक हो जाएगा." मी खूश. भाऊंचा चेहरा मात्र पडला.

"भाऊ, सुटलात की!" बाहेर आल्यावर मी म्हणालो.

"सुटलो काय रे? आता तुम्हा लोकांना काय म्हणून बोलावू?" भाऊ तिथंच बाकावर बसले. "मला दोन घास पुरतात. एकटीसाठी काय रांधायचं, म्हणते ही. कालची पोळी चहात बुडवते अन् होऊन जातं तिचं जेवण. तुम्ही येणार म्हटलं की सकाळपासून गुणगुणत असते."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"ती नको म्हणाली होती त्या पहिल्या ऑपरेशनला. मी म्हटलं, पोट माझं आहे, तुला काय करायचं? तिचं काय जाईल ते विचारलंच नाही रे मी."

घरी वहिनी दारातच उभ्या होत्या. भाऊ खाली बघून चपला काढू लागले. मीच म्हणालो, "वहिनी, ऑपरेशन नाही! पण मला सपाटून भूक लागलीय. पाटोडी कराल?"

"आत्ता?" म्हणत त्या पदर खोचून आत वळल्यासुद्धा.

"माझंही ताट वाढ," भाऊ म्हणाले.

"तुम्हाला झेपणार आहे का?"

"नाही झेपणार," भाऊ हळूच म्हणाले. "पण वाढ."