शिरसाट सरांचे व्याही

"आमचे व्याही एकदा हजला निघाले," शिरसाट सर म्हणाले, "आणि वाटेत कैरोला त्यांनी इतकं सोनं वाटलं की तिथला सोन्याचा भावच पडला. पुढे कित्येक वर्षं वर आला नाही."

सरांची नि माझी ओळख तेव्हा दोन दिवसांची होती. त्यांचा मुलगा महेश इथे, द हेगपासून तासाभरावरच्या डीमनला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि अजून बिनलग्नाचा आहे, एवढं मला माहीत होतं. मग हे व्याही आले कुठून? तरी मी सभ्यपणे विचारलं, "दुबईला असतात का?"

"मालीला. सातशे वर्षांपूर्वी."

सर औरंगाबादच्या एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी मुलाकडे आले आणि मार्चमध्ये कोरोनामुळे विमानं बंद पडली. महेश दिवसभर कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. मीही घरूनच काम करणारी, संध्याकाळपर्यंत माणसांचे चौकोनी चेहरे बघून कावलेली. त्यामुळे कालव्याच्या कडेने रोज पाऊण तास चालायचं असं आमचं ठरलं. हात लांब करून छत्री धरली की बरोबर दीड मीटर भरतं, हे सरांनी महेशच्या टेपने मोजून घेतलं होतं. मी बोलता बोलता जवळ आले की छत्रीचं टोक दंडाला लागायचं. आणि दीड मीटरवरच्या माणसाला ऐकू जावं म्हणून सर शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात बोलायचे. कालव्यातली बदकं आम्ही दिसलो की पलीकडच्या काठाला जायची.

आफ्रिकेतला झाडून प्रत्येक राजा हा सरांचा व्याही होता आणि प्रत्येक राणी विहीणबाई. नावं मात्र ते घेत नसत. "व्याह्यांचं नाव घेऊ नये. आपली मुलीकडची बाजू," असं म्हणायचे. त्यामुळे ही सगळी मोठी मंडळी मलाही गावावरूनच ठाऊक आहेत. मालीकर व्याही म्हणजे सोनंवाले. इथिओपियाच्या विहीणबाई नवऱ्याबरोबर लढाईला गेल्या आणि इटलीच्या फौजेला पाणी पाजून आल्या. घानाच्या विहीणबाईंनी, सोन्याचं सिंहासन मागायला आलेल्या इंग्रजांशी लढायला पुरुष कचरले तेव्हा, मग आम्ही बायका जातो असं सुनावलं.

सगळ्यांत लाडक्या अंगोलाच्या विहीणबाई. तह करायला पोर्तुगीज गव्हर्नरकडे गेल्या, तर त्याने स्वतःला खुर्ची ठेवली आणि यांच्यासाठी खाली चटई. विहीणबाईंनी मागे नुसतं पाहिलं, दासी ओणवी झाली, आणि या तिच्या पाठीवर बसून बरोबरीने बोलल्या. ही गोष्ट मी सहा वेळा ऐकली. दासीच्या पाठीचं काय झालं असेल, असं मी एकदा विचारलं तर सर दोन दिवस फिरायला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुझा मुद्दा बरोबर आहे. पण मान म्हणजे मान, मीनल. खुर्ची द्यायला हवी होती."

एकदा सुपरमार्केटमध्ये गल्ल्यावर एक सावळी, कुरळ्या केसांची मुलगी होती. सरांनी चौकशी करून तिचे आजोबा अंगोलाचे, हे काढून घेतलं. मग ट्रॉली सोडून दोन्ही हात जोडले. "युवर क्वीन, व्हेरी ग्रेट लेडी." मुलीला वाटलं इथल्या राणीबद्दल बोलतायत. ती म्हणाली, हो, छान आहे ती. सर समजावून सांगायला लागले, मागे रांग वाढली, आणि शेवटी ती बिचारी म्हणाली, "सर, मी डीमनची आहे." सर ट्रॉली ढकलत बाहेर आले. मला हसू आवरत नव्हतं आणि इथे तेव्हा मास्कची सक्ती नसल्यामुळे ते लपवताही येत नव्हतं.

दर सोमवारी सर एक जाड पाकीट नारिंगी टपालपेटीत टाकायचे. पत्ता द हेगचा. द हेगला साऱ्या जगाच्या वकिलाती, त्यामुळे सर आफ्रिकेच्या एकेका वकिलातीला त्यांच्या राजाबद्दल चार शब्द लिहून कळवतायत, अशी माझी पक्की खात्री. सरांना ते शोभलंही असतं. "उत्तर आलं का?" असं मी दर शुक्रवारी थट्टेने विचारायची. सर छत्री दुसऱ्या हातात घ्यायचे आणि "टपाल हळू चाललंय हल्ली," म्हणायचे.

मे महिन्यात अडकलेल्या लोकांसाठी खास विमान निघालं आणि सरांना त्यात जागा मिळाली. मी अभिनंदन केलं. सर कालव्याकाठच्या बाकावर मटकन बसले.

"किती दिवस राहिले?" त्यांनी विचारलं.

"आठ."

"आठ दिवसांत येईल का गं उत्तर?"

"सर, वकिलातींना दुसरी कामं असतात."

"कुठल्या वकिलाती? माझी मुलगी असते द हेगला."

महेशला बहीण आहे, हे मला त्या दिवशी कळलं. नाव स्मिता. शिकायला इथे आली आणि क्वेसी नावाच्या मुलाशी लग्न केलं. त्याचे आईवडील घानाहून आलेले, तो इथेच जन्मलेला. तिने घरी फोनवर सांगितलं तेव्हा सर एकच वाक्य बोलले होते. ते त्यांनी मला बाकावर बसून, पहिल्यांदाच हळू आवाजात सांगितलं.

"मी म्हटलं, उद्या कुणी विचारलं की शिरसाट, तुमचे व्याही कोण, तर मी काय सांगू?"

तिने फोन ठेवला. सहा वर्षं उचलला नाही. मुलगी झाली, तेही महेशकडूनच कळलं.

"आमच्या गावाला पाणी कुणी आणलं माहीत आहे?" सर म्हणाले. "हबश देशातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा. दख्खनचा वजीर झाला, शहर वसवलं, नहर बांधली. तीस वर्षं दर जूनमध्ये मी वर्गात ऊर भरून त्यांची थोरवी सांगितली. आणि त्यांच्याच खंडातला मुलगा जावई व्हायला निघाला तर मला लोकांची लाज वाटली. बत्तीस पोरं समोर बसवून मी काय शिकवत होतो कोण जाणे."

म्हणून रिटायर झाल्यावर ते उत्तर शोधायला बसले. व्याही कोण, या प्रश्नाचं. वाचनालयातली पुस्तकं संपली तेव्हा भाचीकडून इंटरनेट शिकले. आणि सोमवारची ती पाकिटं नातीला होती. दर पत्रात एक राजा किंवा राणी, शेजारी सरांनी स्वतः रंगवलेलं चित्र. अकरा पाकिटं गेली, उत्तर एकालाही नाही. मला माझ्या शुक्रवारच्या थट्टेची फार लाज वाटली. मी तसं सांगितलं, तर सर म्हणाले, "नाही गं. निदान कुणी विचारत तरी होतं."

विमानाला तीन दिवस राहिले असताना त्यांनी माझी बेल वाजवली आणि छत्रीशिवाय, अगदी दारात येऊन उभे राहिले. स्मिताचा फोन आला होता. शनिवारी नातीचा, अमाचा, पाचवा वाढदिवस. घरात तीनच पाहुण्यांना परवानगी, आणि क्वेसीच्या घरची तिघं आधीच ठरलेली. पण त्याच्या आईने आपली जागा सोडली होती. म्हणाली होती, मी तिला नेहमी बघते, ते आता परत चाललेत, त्यांना बोलाव.

"विहीणबाईंनी," सर म्हणाले. "लग्नात मी त्यांचा मान केला नाही. मी गेलोच नाही. आणि आता त्यांनी माझा केला."

महेशकडे गाडी नाही, म्हणून मी नेलं. सर मागच्या सीटवर, काच खाली, मांडीवर कागदात गुंडाळलेली हिमरू शाल. डांबरगोळ्यांचा वास गाडीभर. फेब्रुवारीत बॅगेच्या तळाशी घालून आणली होती. म्हणजे निघतानाच ठरवून निघाले होते, फक्त रेल्वेने तासाभराचं अंतर कापायचा धीर झाला नव्हता. वाटभर एकही राजा निघाला नाही. वाटेतलं लायडन गाव मागे गेल्यावर एकदाच म्हणाले, "दार उघडेल ना ती?"

घर तळमजल्याचं. खिडकीत फुगे, आणि बाहेर फुटपाथवर घडीच्या खुर्चीवर सत्तरीच्या एक बाई, मांडीवर थर्मास. आपली आतली जागा सोडून नातीला काचेतून बघायला त्या तरीही आल्या होत्या. सरांना पाहून उठल्या आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवून इंग्रजीत म्हणाल्या, "या, बसा. लांबून आलात."

एकच खुर्ची होती. सरांनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ती उचलून परत त्यांच्यामागे ठेवली, शाल खुर्चीच्या पाठीवरून खाली बैठकीवर अंथरली आणि हात जोडून उभे राहिले. "यू फर्स्ट. प्लीज." त्या नको नको म्हणत होत्या. सर ऐकेनात. शेवटी त्या हसत बसल्या, तेव्हाच सर शेजारच्या पायरीवर, दीड मीटर सोडून, टेकले.

खिडकी उघडली. आतून एका छोट्या मुलीने डचमध्ये आईला विचारलं, राजांची पत्रं पाठवणारे ओपा, म्हणजे आजोबा, हेच का? मागच्या भिंतीवर अकरा चित्रं ओळीने लावलेली होती. आणि दार उघडून स्मिता बाहेर आली. तिने काही ठरवलं असेल बोलायचं, पण ती "बाबा, वाळलात किती," एवढंच म्हणाली आणि दोघंही रडायला लागली. मी गाडीत जाऊन बसले आणि मीही रडले. मला फार हायसं वाटलं होतं.

परतताना सरांच्या शर्टाला केक लागला होता. अर्धा रस्ता गेल्यावर मी विचारलं, "सर, आता औरंगाबादेत कुणी विचारलं, तुमचे व्याही कोण, तर काय सांगाल? मालीकर की अंगोलाकर?"

सरांनी जरा विचार केला.

"आमच्या विहीणबाई द हेगला ट्राम चालवायच्या," ते शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं. अबेनाबाई नाव त्यांचं."