फिलुमेनामावशीची भांडणं

आमच्या शेजारची फिलुमेनामावशी धर्मादाय भांडते. म्हणजे खरोखरच. आमच्याकडची तरणी माणसं मुंबईला नाहीतर आखातात, आणि म्हातारी मागे घरात एकटी. अशांकडे जाऊन घटकाभर बसायचं, हे चर्चच्या बायकांच्या मंडळाचं काम. बाकीच्या बायका बिस्किटं नेतात, प्रार्थना म्हणतात, उशी सारखी करतात. मावशी उंबऱ्यातूनच सुरू होते, "ह्यो काय अवतार? दाढी कोणी करूची?"

तिचं शास्त्र साधं आहे. "गोड बोलल्यार म्हातारो झोपता. रागावलो काय उठून बसता, दोन घास जास्ती जेवता."

अंथरूण धरलेल्या नानामास्तरांना तिने, कुंपणाजवळचा माड तुमचा नव्हेच, असं डिवचलं. मास्तर काठी टेकत अंगणात आले, केवळ हद्द दाखवायला. त्या बाईला पुन्हा घरात घेऊ नका, असं त्यांनी जाहीर केलं आणि पुढच्या मंगळवारी सकाळीच दाढी करून तिची वाट बघत बसले.

माझ्याकडे स्कूटर आहे, हा माझा अपराध. "दत्ता, काढ गाडी. आज तिघांवांगडा भांडाचां आसा," अशी तिघांशी भांडायची हाक आली की मी मुकाट्याने निघतो.

हल्ली मात्र मागणी हाताबाहेर गेली. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्या वाड्यांतून निरोप येतात, आमच्या आईकडेही त्या भांडखोर बाईला पाठवा. मंडळातल्या बायका होत्या तेवढ्याच, त्यातही दोघींचे गुडघे गेलेले. मावशीला भांडणं उरकावी लागली. लगेच तक्रारी आल्या. नानामास्तर फणफणले, "गेल्या खेपेक माका उलट बोलाक पण वेळ दिल्यान नाय."

शेवटी मंडळाची बैठक भरली, स्कूटरवाला म्हणून मीही होतो. फादरांनी सुचवलं, बायोआक्कांचं घर आता वगळूया.

बायोआक्का ही मावशीच्या तोडीस तोड एकच बाई. बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे झणझणीत कालवणात, आंबटाला सोलं की व्हिनेगर, हा दोघींचा वाद माझ्या स्कूटरपेक्षा जुना. पण आक्कांना झटका आला, वाचा गेली, माणसांची ओळखही गेली. फादर हळूच म्हणाले, "कोण आलं ते त्यांना कळतसुद्धा नाही. तेवढ्या वेळात दोन घरं होतील." खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. मावशी भांडली नाही, तेव्हा मी घाबरलो.

दुसऱ्या दिवशी तिने गाडी थेट आक्कांकडे घ्यायला लावली. मी पडवीत बसलो. आतून आवाज आला, "सोलां घालून बांगड्याची चव मारतंस तू. किती वर्षां सांगतंय." मग उत्तराला लागेल तेवढी शांतता. मग घोगरा आवाज, "तुज्या हातचो बांगडो मांजर सुद्धा हुंगूचां नाय."

आक्का बोलल्या की काय, म्हणून मी धावत दारात गेलो. दोन्ही आवाज मावशीचेच होते. ती आक्कांना पेज भरवत होती आणि दोघींच्या वतीने एकटीच भांडत होती. आक्कांच्या वाट्याला तिने बोलणीही चांगली झणझणीत ठेवली होती. मला हसू फुटलं. मग मावशीच्याच तोंडून आक्का जिंकायला लागल्या, आणि माझं हसू गेलं. इतकं वाईट मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मावशीने वाटी खाली ठेवली, पदराने आक्कांची हनुवटी पुसली.

"बरां, सोलांच बरी. तुजांच खरां," ती म्हणाली. "आता तरी बोल गो."