सासूबाईंची चार मिनिटं, माझे अकरा सेकंद

आमच्या टीव्हीखाली जो व्हिडिओ रेकॉर्डर आहे, तो या जगात फक्त एकच माणूस चालवू शकतो आणि तो माणूस मी आहे. ही बढाई नाही. बढाई मारायची असती तर आणखी बरंच सांगितलं असतं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, बटण दाबलं की झालं. तसं नाही हो. आमच्या यंत्राला स्वभाव आहे. रिमोट समोरून धरला तर त्याला दिसत नाही. सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसून, हात गुडघ्याच्याही खाली नेऊन दाबावा लागतो. रेकॉर्डिंगची वेळ एकदा लावली की ती कितीची लावली हे पुन्हा बघायची सोय नाही. ती फक्त पुढे ढकलता येते, दर दाबाला दहा मिनिटं. रेकॉर्ड केलेलं कापता येत नाही. आणि सर्वांत मोठी गंमत म्हणजे रेकॉर्डिंगला नाव देता येत नाही. सगळ्यांना नुसते नंबर. शिवाय मधलं एखादं पुसलं की पुढचे सगळे एकेका नंबराने खाली सरकतात. म्हणून मी एक वही ठेवली आहे. त्यात कुठल्या नंबरावर काय आहे ते लिहिलेलं असतं. काही पुसलं की वहीत खाडाखोड करावी लागते, ती मी सवडीने करतो.

त्या वहीत आठव्या नंबराला लाल शाईने नुसतं ‘मी’ असं लिहिलंय. पूर्वी आमच्या गल्लीत पाण्याची पाइपलाइन फुटली होती, तेव्हा मी बातम्यांत अकरा सेकंद दिसलो होतो. पुढे बातमीदार बोलतोय आणि मागे मी, हातात बादली, चेहऱ्यावर शहराची चिंता. कापायची सोय नसल्यामुळे तासाभराचं अख्खं बातमीपत्र ठेवावं लागलंय आणि मी येतो बेचाळिसाव्या मिनिटाला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ते दाखवू पाहतो. पण हल्ली लोकांना निघायची घाई फार असते.

तर असा माझा अधिकार. त्यामुळे सासूबाईंना टीव्हीवर बोलावणं आलं, तेव्हा रेकॉर्डिंग कोण करणार हा प्रश्न मला प्रश्नच वाटला नव्हता.

सासूबाई एकतीस वर्षं शाळेत शिवणकाम शिकवायच्या. दुपारी चारला महिलांसाठी एक थेट कार्यक्रम लागतो, त्यात त्यांना बटणाचं काज हाताने कसं करावं ते दाखवायचं होतं. चार मिनिटं. स्टुडिओ आमच्या घरापासून जवळ, म्हणून त्या आणि सासरे चार दिवस आमच्याकडे येऊन राहिले होते. कार्यक्रम पुन्हा दाखवत नाहीत. म्हणजे जगाने बघितलं तरी स्वतः सासूबाईंना स्वतःला बघायचं असेल, तर रेकॉर्डिंगशिवाय मार्ग नव्हता.

“माझ्या भावाला सांगू का?” बायको म्हणाली. “त्याच्याकडे नवीन मशीन आहे.”

“मी असताना?” मी म्हणालो.

“तुम्ही आहात म्हणूनच विचारतेय.”

पण सासूबाई मोठ्या मनाच्या. त्या म्हणाल्या, “असू दे गं. जावईबापू, तुमच्यावर सोडलं. एकाहत्तर वर्षांत मी स्वतःला काम करताना कधी पाहिलेलं नाही. मुलींना सांगायचे, हात असा ठेवा, तसा ठेवा. माझा स्वतःचा कसा दिसतो देव जाणे. तेवढं एकदा बघायचंय.”

हे ऐकून मला गलबलून आलं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, “आई, तुमचं बोटन्‌बोट रेकॉर्ड होईल.”

आता आमच्या घराचा एक नियम तुम्हाला सांगायला हवा. आमच्याकडे प्रत्येक घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. बायकोची एकदा नोकरीच्या मुलाखतीची बस चुकली, तेव्हापासूनचा हा कायदा. रेकॉर्डरचं घड्याळही मी इमानदारीने दहा मिनिटं पुढे ठेवलंय. आम्हाला सगळ्यांना हे माहीत असल्यामुळे आम्ही मनातल्या मनात दहा वजा करतो आणि पूर्वीइतकाच उशीर करतो, तो भाग वेगळा. सांगायचं एवढंच, की खरे चार म्हणजे आमच्या रेकॉर्डरचे चार दहा. मी आदल्या दिवशीच चार दहाची वेळ लावून ठेवली. अगदी बरोबर लावली. या सबंध प्रकरणात तेवढी एकच गोष्ट बरोबर झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको सासूबाईंना घेऊन स्टुडिओत गेली. घरात मी आणि सासरे. सासरे कारखान्यात टाइमकीपर होते. पस्तीस वर्षं त्यांनी दारात उभं राहून उशिरा येणाऱ्यांची नावं लिहिली. बोलणं कमी, पण घड्याळाकडे बघण्याची नजर अशी, की घड्याळालाही आपण उशिरा आलोय असं वाटावं.

हॉलमधल्या घड्याळात आणि रेकॉर्डरवर, दोन्हीकडे चार वाजले. म्हणजे खरे पावणेचार होऊन पाच मिनिटं, असा मी हिशेब केला. अजून दहा मिनिटं होती. यंत्र तापू नये म्हणून टीव्ही बंदच ठेवला होता. म्हटलं, तेवढ्यात चहा टाकू.

चहा गाळताना माझी नजर स्वयंपाकघरातल्या घड्याळावर गेली. त्यात चार पंधरा झाले होते. दहा वजा, म्हणजे खरे चार पाच. हॉल सोडला तेव्हा खरे तीन पन्नास होते. एवढासा चहा करायला पंधरा मिनिटं? मी गाळणं हातात घेऊनच बाहेर धावलो.

“बाबा, हॉलमधलं घड्याळ बंद पडलं की काय?”

“बंद कशाला पडेल?” सासरे शांतपणे म्हणाले. “चांगलं दहा मिनिटं पुढे होतं. चार दिवस सहन केलं. सकाळी रेडिओवर मिळवून घेतलं. ते टीव्हीखालचंही केलं. स्वयंपाकघरातलं उंचावर आहे, हात पोचला नाही.”

घड्याळ दुरुस्त झाल्यामुळे रेकॉर्डर आता खऱ्या चार दहाला सुरू होणार होता आणि सासूबाई पहिल्याच पाहुण्या होत्या. मी टीव्ही लावला. पडद्यावर निवेदिका हसतमुखाने सांगत होती, “तर आपल्यासोबत आहेत ज्येष्ठ शिवणकाम शिक्षिका...”

मी सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात सूर मारला, हात गुडघ्याखाली नेला आणि लाल बटण दाबलं. यंत्राने विचार केला. मग पडद्यावर अक्षरं आली, ‘जागा शिल्लक नाही. जुने पुसायचे का?’

जागा किती आहे हे मी आधी बघायला हवं होतं. हे मी आज मोकळेपणाने कबूल करतो, त्या दिवशी कोणाजवळ केलं नाही.

“बाबा, वही! टेबलावरची वही द्या!”

“काय झालं?”

“आधी वही द्या, मग सांगतो.”

सासऱ्यांनी वही दिली, चष्मा पुसला आणि स्वतःच वाचायला घेतली. “सातव्या नंबरावर लिहिलंय, ‘भाजीची शेती, भाग दुसरा, बघायचा आहे’.”

“नाही बघायचा. उडवा.” मी सात पुसायला सांगितलं.

पडद्याच्या बरोबर मध्यभागी एक करडी चौकट आली. ‘पुसत आहे. कृपया थांबा. तीन टक्के.’ आणि आवाज बंद झाला. पुसताना हे यंत्र आवाज बंद करतं. का, ते विचारू नका. मी पत्र लिहून विचारलं होतं, कंपनीने उत्तर दिलं नाही.

चौकटीच्या वरून सासूबाईंचं कपाळ आणि अंबाडा दिसत होता. खालून टेबलाची कड दिसत होती. मधे जे काही चाललं होतं, त्यावर टक्के वाढत होते.

“ती दिसत नाहीये,” सासरे म्हणाले.

“दिसेल, बाबा. एकतीस टक्के झाले.”

“हात दिसला पाहिजे. हातासाठीच गेलीय ती.”

त्यांनी एवढंच म्हटलं, पण मला रडू यायचं बाकी राहिलं. मी रिमोट आपटला, यंत्राच्या पाठीवर थाप मारली, त्याला नको ते बोललो. अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर ते पूर्ण एक मिनिट अडकून बसलं. चौकट गेली तेव्हा खरे चार नऊ झाले होते. पडद्यावर एक गृहस्थ चपलांचं कपाट कसं आवरावं ते सांगत होते.

वर आणखी एक. चार दहाला रेकॉर्डर सुरू व्हायला हवा होता, तोही झाला नाही. तो सुरू झाला चार वीसला. बायकोने निघताना, मी दहा मिनिटांचं गणित नक्की विसरलो असणार असं गृहीत धरून, वेळ गुपचूप दहाने पुढे ढकलली होती. लावलेली वेळ बघता येत नाही ना. ‘रेकॉर्डिंग सुरू’ असा दिवा लागला आणि यंत्राने सँडलचा टाचेकडचा भाग इमानेइतबारे टिपून घेतला.

सहापर्यंत मी माफीचं भाषण तयार केलं. तीनदा म्हणून पाहिलं. सासऱ्यांनी ऐकलं आणि म्हणाले, “दीड मिनिट होतंय. आटोपतं घ्या.”

दार उघडलं. बायको आधी आत आली आणि मला डोळ्यांनी गप्प राहा म्हणाली. मागून सासूबाई आल्या. चेहरा पडलेला. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “झालं का रेकॉर्ड?”

“आई, खरं सांगायचं तर...”

“काही सांगू नका. पुसून टाका ते.”

“अं?”

“मेकअपवाल्या बाईने माझा चष्मा काढून ठेवला तो तिथेच राहिला. सुई ओवता येईना मला. एकतीस वर्षं मुलींना बडवलं, सुई आधी ओवून ठेवा, आधी ओवून ठेवा. आणि स्वतः जगासमोर भोक शोधत बसले. मला बघायचं नाही. कोणी बघायचं नाही. पुसा.”

वाचकहो, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतंत ते मला माहीत नाही. सासऱ्यांनी बोलायला तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की पस्तीस वर्षांत प्रथमच त्यांनी एक नाव लिहायचं सोडून दिलं.

मी हळूच म्हणालो, “आई, फार मौल्यवान आहे हो ते. पण तुमच्या शब्दापुढे नाही.” मी कोपऱ्यात बसलो, हात गुडघ्याखाली नेला आणि सगळ्यांदेखत चपलांच्या कपाटाचं रेकॉर्डिंग निवडलं. नाव दिसत नाही हा या यंत्राचा दोष आहे असं मी वर म्हणालो ते मागे घेतो. ‘पुसायचे का?’ मी डोळे मिटून ‘होय’ दाबलं.

“असा जावई मिळायला भाग्य लागतं,” सासूबाई डोळे टिपत म्हणाल्या. बायकोनेसुद्धा माझ्याकडे बऱ्यापैकी कौतुकाने बघितलं. पाणी आणून दिलं. मी ते नम्रपणे प्यायलो.

इतक्यात बेल वाजली आणि मेहुणा आत आला. हातात पेन ड्राइव्ह.

“आई, अख्खा कार्यक्रम घेतलाय. एकदम स्वच्छ.”

बायको जमिनीकडे बघू लागली. तिने त्याला परस्पर सांगून ठेवलं होतं. सासूबाई कडाडल्या, “तुला कोणी सांगितले होते नसते उद्योग? जरा भावोजींकडून शिक. मी नुसतं म्हटलं आणि त्यांनी पुसून टाकलं.”

मी मान खाली घातली. मेहुणा मात्र हट्टी. “एकदा बघ तरी,” म्हणत त्याने ते टीव्हीला लावलंच.

आणि सासूबाई दिसल्या. खरंच सुई ओवता येत नव्हती. एकदा, दोनदा, पाचदा. मग त्या सरळ निवेदिकेला म्हणाल्या, “मला दिसत नाही, तू ओव.” निवेदिका दोरा तोंडात घालायला गेली, तशी पडद्यावरच्या सासूबाई म्हणाल्या, “ओला करू नकोस. तिरका काप. तिरका. हां.” निवेदिकेने शाळकरी मुलीसारखा दोरा कापला आणि सुई ओवली. पुढचं काज सासूबाईंनी खाली न बघताच केलं, कारण चष्म्याशिवाय बघून उपयोगच नव्हता. बोटं आपली आपण चालत होती.

हॉलमध्ये सासूबाई पुढे झुकून स्वतःच्याच हाताकडे बघत होत्या.

“परत लाव,” त्या म्हणाल्या.

मेहुण्याने परत लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा त्या हसल्या. “बरा असतो की हात माझा.” सासरे म्हणाले, “पन्नास सेकंदांत काज.” त्यांच्याकडून एवढी स्तुती पूर्वी कोणाची झाली नव्हती.

मग सासूबाई सावकाश माझ्याकडे वळल्या.

“आणि तुम्ही हे पुसलंत?”

“आई, तुम्हीच म्हणालात...”

“मी काय, रागाच्या भरात म्हणाले. म्हणून लगेच पुसायचं असतं? माणसाने जरा थांबावं, विचारावं. याने नसतं आणलं तर गेलंच होतं की कायमचं!”

“मी तुम्हाला आधीच सांगत होते,” बायको मला म्हणाली.

न केलेलं रेकॉर्डिंग पुसल्याबद्दल मी बोलणी खात होतो आणि खरं सांगितलं असतं तर याहून जास्त खाल्ली असती. सासरे घड्याळाकडे बघत बसले होते. मला वाटतं, ते हसत होते.

पण सासूबाईंच्या मनात फार वेळ काही राहत नाही. माझा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं असावं. त्या म्हणाल्या, “जाऊ द्या आता. तुमचं ते बादलीचं आहे ना, ते लावा बरं. आज सगळे बसलोच आहोत, तेही बघू.”

इतक्या वर्षांत आमच्या घरात हे आपणहून मागणारं पहिलं माणूस. मेहुणासुद्धा मांडी घालून बसला. मी कृतकृत्य होऊन वही उघडली, आठवा नंबर लावला. मुळा दिसला. मग शेतकरी दिसला. भाजीची शेती, भाग तिसरा.

तेव्हा मला आठवलं. मागच्या महिन्यात मी दोन नंबराचं एक गाण्यांचं रेकॉर्डिंग पुसलं होतं आणि वहीतली खाडाखोड सवडीने करायची ठेवली होती. म्हणजे तेव्हापासून आठव्या नंबरावरचा मी, सातव्या नंबरावर होतो.

“काय झालं?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही, आई,” मी रिमोट ठेवून दिला. “यंत्र जरा तापलंय. आज नको.”