चार डोंगरी, नऊ चौक

रविवार, १२ जानेवारी, सकाळी साडेदहा. जागा: शांती नगर, आमच्या सोसायटीचं ऑफिस. उपस्थित: अध्यक्ष परमारभाई, खजिनदार साळवी, तळमजल्यावरच्या मेहताबेन आणि मी, सेक्रेटरी. गैरहजर: गायकवाड सर, ज्यांच्यामुळे ही सभा बोलावली होती.

विषय एकच. गायकवाड सर दर रविवारी घरात एकटे बसून बसचे थांबे पुकारतात.

"चार डोंगरी! नऊ चौक! सात भाईंदर!" मेहताबेननी नक्कल करून दाखवली. "पूरा एक घंटा. कंडक्टर के माफिक."

"तिकीट मागतात का?" साळवींनी विचारलं.

"मजाक मत करो, साळवीभाई. बोलता है, फिर रुकता है. जैसे कोई जवाब देगा. जवाब कोई देता नहीं. मेरे को डर लगता है."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या सोसायटीतलं अवघड काम शेवटी माझ्या वहीत येतं. मी लिहिलं, 'गायकवाड सर: भेटणे', आणि पुढे चौकोन काढला. काम झालं की त्यात बरोबरची खूण करते. माझ्या वहीतला चौकोन महिनाभरापेक्षा जास्त रिकामा राहत नाही.

सर मूळचे नांदेडकडचे. एका बँकेत सह्या ताडून बघायच्या टेबलावर त्यांची सगळी नोकरी गेली. चेकवरची सही एका हातात, कार्डावरची नमुना सही दुसऱ्या हातात. निवृत्त झाले, पण टेबल काही सुटलं नाही. कुरियरवाला यांची सही मागतो, तर हे आधी त्याची मागतात. मागे मी टाकी धुण्याची नोटीस लावली, तर ती बोर्डावरून काढून माझ्या दारात हजर.

"मॅडम, ही सही तुमची?"

"माझीच, सर."

"मागच्या नोटिशीशी जुळत नाही. शेवटचा फराटा खाली पडलाय. असं कसं जमंल?"

मी पुन्हा सही करून दिली. जाताना जिन्यात थांबून म्हणाले, "डॉक्टरला दाखवून घ्या." मला त्या दिवशी ताप होता. घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

सभा संपवून मी सरळ त्यांची बेल वाजवली.

"कोण?"

"सेक्रेटरी."

"टाकी मागच्या वेळी कोणत्या वारी धुतली?"

"मंगळवारी, सर."

दार उघडलं.

टेबलावर संगणक, भिंग, पट्टी आणि एक जाड वही. शोकेसमध्ये छोटी बुद्धमूर्ती आणि तिच्याशेजारी सरांच्या पत्नीचा, सुनंदावहिनींचा फोटो. वहिनी शाळेत गणित शिकवायच्या. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते.

"सर, हे डोंगरी-चौक काय आहे?" मी विचारलं. तक्रार सांगायला आले होते, पण खरं सांगायचं तर मलाच राहवत नव्हतं.

सर खुलले. झालं होतं असं की, निवृत्तीनंतर वहिनींनी संगणकाचा क्लास लावला आणि नातीच्या शिक्षणासाठी थोडी क्रिप्टोची नाणी घेतली. ती ठेवायचं पाकीट संगणकात. शिवाय घरात एक नोड. म्हणजे काय, तर या नाण्यांच्या व्यवहारांची एकच मोठी वही जगभरात पुष्कळ लोक आपापल्या घरच्या यंत्रात ठेवतात, आणि प्रत्येक यंत्र प्रत्येक नोंद स्वतः तपासतं.

"मी तिला म्हणलं, हे सगळं कुणाच्या सहीनं चालतं? तर म्हणाली, प्रोग्राम बनवणारा त्यावर सही करतो. ती जुळली तरच घ्यायचा. मग मी खुर्ची ओढून बसलो."

खोट्या अपडेटने त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचं पाकीट रिकामं झालं होतं. 'त्वरित अपडेट करा' असे मेसेज सरांनाही येतात. सर त्यांची छापील प्रत काढून 'सही नाही' असा शेरा मारतात आणि फाईलला लावतात.

संगणकाच्या त्या सहीची ओळख म्हणजे चाळीस खुणा. त्यात आकडे आणि ए ते एफ एवढीच अक्षरं. एकाने वाचायच्या, दुसऱ्याने वहीतल्या खुणेवर टिक मारून ती परत म्हणायची. बी आणि डी कानाला सारखेच लागतात, म्हणून वहिनींनी प्रत्येक अक्षराला एक गाव ठरवलं: अर्नाळा, भाईंदर, चौक, डोंगरी, एरंगळ आणि फोर्ट.

"फोर्टला माझी बँक. बाकी सगळीकडे दोघं बसनं जाऊन आलो."

"पण संगणक हे एका सेकंदात करेल ना, सर?"

"करतो की. पण संगणकाचं कोण तपासणार?"

आता पंचाईत अशी होती की, प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीत चोराला शिरता येईल असं एक भोक सापडलं होतं. नवी घेतली नाही तर नातीचं पाकीट धोक्यात. सरांनी नेटची वायर काढून ठेवली होती, लागेल तेवढीच जोडत होते. आणि प्रोग्राम बनवणाऱ्याची जुनी सही मुदत संपून बाद झाली होती. नवी आवृत्ती नव्या सहीने आली होती.

"मग इतके दिवस घेतली का नाही?"

"वाचायला माणूस नाही. आपणच वाचायचं, आपणच टिक मारायची, म्हणजे चोरानं स्वतःची झडती घेतल्यासारखं. दर रविवारी बसतो. पहिली ओळ म्हणून बघतो." सर थांबले. "पुढं जमत नाही."

मी पर्स खाली ठेवली. "मी वाचते."

आम्ही वाचलं. आधी प्रोग्रामच्या साईटवरून, मग त्यांच्या पुण्याच्या मित्राने फोनवर सांगितलेलं, मग जुन्या सहीने नव्या सहीची हमी दिली होती त्या पत्रातून. "जुना खातेदार नव्याची ओळख देतो तसं," सर म्हणाले. "चार डोंगरी," मी म्हणायचे. "चार डोंगरी," सर म्हणायचे आणि नव्या सहीच्या छापील प्रतीवर टिक मारायचे. एकदा मी डोंगरीच्या जागी भाईंदर म्हणाले, तर सर ओरडले, "उतरा, उतरा, चुकीचा थांबा!" तिन्ही ठिकाणच्या खुणा जुळल्या. नवी सही मी माझ्या अक्षरात वहीच्या कोऱ्या पानावर उतरवली.

"आता बँकेचा नियम," सर म्हणाले. "जुनं कार्ड रद्द केल्याशिवाय नवं चालू होत नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ."

त्यांनी मागचं पान उलटलं. तिथे जुनी सही वहिनींच्या हातची होती. फळ्यावरचं गोल, सुटं अक्षर. प्रत्येक खुणेखाली सरांची बारीक टिक.

सरांनी पट्टी तिरपी ठेवली. उचलली. शर्टाला पुसली. परत ठेवली. लाल पेनाचं टोपण काढलं, टोक अंगठ्यावर टेकवून बघितलं.

"मॅडम," ते वर न बघता म्हणाले, "हा पेन सुकलाय. तुमच्याकडं असंल ना लाल?"

त्यांच्या अंगठ्यावरचा ठिपका ओला होता. आणि माझ्या पर्समध्ये लाल पेन कायम असतो, सगळ्या सोसायटीला माहीत आहे.

"नाही, सर," मी म्हणाले. "आज नेमका घरी राहिला."

सरांनी पट्टी बाजूला ठेवली. मग बँकेच्या आवाजात म्हणाले, "मग शेरा मारावा लागंल. पेन्सिलीनं लिहा: जुनं कार्ड रद्द करणे बाकी. खाली सही करा."

मी केली. त्यांनी भिंग लावून बघितली. "जुळते," म्हणाले, आणि नवी आवृत्ती चालू केली.

आता नवी आवृत्ती आली की त्या रविवारी मी वाचायला जाते. मेहताबेननी तक्रार मागे घेतली. "अब जवाब आता है," त्या म्हणाल्या, "अब चलेगा." 'गायकवाड सर: भेटणे' या चौकोनात मी त्याच दिवशी खूण केली. त्याच्याखाली एक नवा चौकोन काढला: 'लाल पेन नेणे.'

दर वेळी वही मिटताना सर विचारतात, "मॅडम, लाल पेन आणला का?"

"विसरले, सर."

"पुढच्या वेळी नक्की आणा."

चौकोन अजून रिकामा आहे.