भूल चढेपर्यंत

माझ्या मेहुण्याचं म्हणणं असं, की नोकरी लायकीवर मिळत नाही, ओळखीवर मिळते. (त्याची स्वतःची नोकरी पाहिली की हे पटतं.) आमचा कुलपांचा कारखाना महिनाअखेरीला बंद होणार हे कळल्यावर तो मला म्हणाला, "भाऊजी, माणसं जोडा." मी आठवून पाहिलं. सगळी उमर डिस्पॅचमध्ये काढून माझ्या ओळखीचे निघाले ते ट्रक ड्रायव्हर, आणि त्यातल्या निम्म्यांशी माझा अबोला होता.

घरात मिळवता मी एकटा. मुलीचं शिक्षण अर्ध्यावर. सकाळी चहाचा कप हातात धरला, की पुढच्या महिन्याचा हिशेब सुरू व्हायचा आणि चहा तसाच राहायचा. बायकोला मी 'बोलणी चालू आहेत' असं सांगत होतो. कोणाशी, हे तिने विचारलं नाही, हे तिचे उपकार.

अशात मेहुण्याने बातमी आणली. एका मोठ्या गोदामात डिस्पॅचची जागा रिकामी आहे, आणि तिथले मॅनेजर दर गुरुवारी आमच्याच रस्त्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे येतात. त्या दवाखान्याची पद्धत मला ठाऊक होती. आत खुर्ची एकच, त्यामुळे बाई आधी भुलीचं इंजेक्शन देतात आणि भूल चढेपर्यंत पेशंटला बाहेरच्या बाकावर बसवतात. म्हणजे मॅनेजर बाकावर, तोंड बधिर! आजवर ज्याला ज्याला भेटलो, तो 'सध्या काही नाही हो' म्हणून मोकळा झाला होता. हा गृहस्थ इच्छा असली तरी नाही म्हणू शकणार नव्हता. त्या दिवशी मी चहा पूर्ण प्यायलो.

गुरुवारची वेळ घेतली. दाढ ठणकते, अशी थाप मारली. बायको सोबत आली, कारण तिच्या मते मी डॉक्टरसमोर कशालाही हो म्हणतो.

बाईंनी तोंडात आरसा घातला, एका दाढेवर टकटक केली आणि मी छतापर्यंत उडालो. "अगदी वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. "ही काढावीच लागेल." मी दाढेसाठी आलोच नाही, हे आता कोणत्या तोंडाने सांगणार? (जे होतं ते उघडं होतं, आणि त्यात त्यांचा हात होता.) सुई टोचून त्यांनी मला बाहेर पाठवलं.

बाकावर मॅनेजर गाल धरून बसलेले. त्यांच्या शेजारी मी, माझ्या शेजारी बायको. मनात पाठ केलेलं भाषण मी सुरू केलं आणि तेव्हा कळलं, की त्या बाकावर बसायचं तर भूल सगळ्यांनाच चढते. जीभ जागेवर नव्हती. 'डिस्पॅच' म्हणायला गेलो तर लाळ गळली. मॅनेजर थोडे पलीकडे सरकले. घरदार डोळ्यांसमोर फिरलं आणि मी रडकुंडीला येऊन बायकोकडे पाहिलं.

तिने रुमालाने माझी हनुवटी पुसली आणि बोलायला लागली. मी किती वर्षं कुठे काम केलं, कारखाना कसा बंद होतोय, सगळं नीट सांगितलं. मॅनेजर मान डोलवत होते. इथे थांबली असती तर आज मी ही गोष्ट सांगत बसलो नसतो. पण तिला माझी स्तुतीही करायची होती.

"ड्रायव्हर अडून बसले की हे घरी येऊन मला सांगतात," ती म्हणाली. "मी म्हणते, लांबच्या गाड्या आधी भरा, आणि जो जास्त भांडतो त्यालाच विचारा काय करू. दुसऱ्या दिवशी हे अगदी तसंच करतात. शब्द खाली पडू देत नाहीत."

मी जोरजोराने मान हलवली. मॅनेजर ताठ बसले आणि खुणेनेच विचारू लागले. गाडी उशिरा आली तर? माल कमी भरला तर? ती सांगत गेली. आतून त्यांना बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी आमचा नंबर घेतला. दाढ गेली, पण मी तरंगत घरी आलो.

शनिवारी फोन वाजला. मॅनेजरांची जीभ आता चांगली चालत होती. "सोमवारी मिसेसना पाठवा," ते म्हणाले.

"आणि मी?"

"तुम्ही कशाला? त्यांना काय रस्ता सापडणार नाही?"

खोटं कशाला बोलू, आधी राग आला. मग मुलीचं शिक्षण आठवलं, आणि इतकं हायसं वाटलं, की मी फोनवरच त्यांचे आभार मानले.

आता कारखाना बंद झालाय आणि बायको गोदामात सगळ्या गाड्या हलवते. एवढ्या मोठ्या कंपनीत माझी इतकी जवळची ओळख! काल तिला गरम गरम वाढलं आणि हळूच विचारलं, की माझ्यासाठी कुठे शब्द टाकता येईल का.

तिने घास संपवला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बायोडेटा देऊन ठेवा. काही निघालं तर कळवते."