तात्यासाहेबांचा नवा पंप

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले तात्यासाहेब गेली तीस वर्षं दर रविवारी पत्नी वच्छलाबाईंना घेऊन हर्सूलहून फुलंब्रीच्या शेतावर जात, आणि जात ते आपल्या जुन्या पेट्रोल जीपमधूनच. उन्हाळा लागला की वाटेतला चौक्याचा चढ चढताना नळीतल्या पेट्रोलची वाफ होई, इंजिनाला चिकटलेल्या पंपाला ते ओढवत नसे, आणि जीप वरच्या निंबाच्या आसपास बंद पडे. मग वच्छलाबाई डब्यातून ओलं फडकं काढत, तात्यासाहेब ते पंपावर टाकत आणि पंप निवेपर्यंत दोघं निंबाखाली बसत. पंधरा मिनिटं.

यंदा मुलगा सोमनाथ चिडला. "तात्या, भर उन्हात रस्त्याच्या कडेला बसायचं वय हाय का तुमचं? आता बंद पडली तर मी सरळ गिऱ्हाईक आणतो."

जीप गेली तर सोमनाथच्या गाडीत मागच्या सीटवर, काचा बंद करून, नातवाच्या दप्तराशेजारी बसावं लागणार होतं. तात्यासाहेबांना ते मरणाहून वाईट वाटत होतं. त्यांनी जब्बार मिस्त्रींना गाठलं.

"विजेचा पंप बसवू," जब्बार म्हणाले. "तो टाकीजवळ बसतो. पेट्रोल ओढत नाय, ढकलतो. वाफेचा सवालच नाय. पण कार्ब्युरेटरला दाब लई कमी लागतो. मी बिडकीनचं लग्न उरकून येतो, तवर कशाला हात लावू नका."

ज्या माणसाने उभी नोकरी पाइपात आणि दाबात काढली, त्याला थांबा म्हणणं चूकच. कमी दाबाचा पंप मुद्दाम घ्यायचा, हे तात्यासाहेबांच्या खात्यात कधी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी जुन्या बाजारातून एका नव्या इंजेक्शनवाल्या गाडीचा दणकट पंप आणला, शनिवारी दुपारी स्वतः बसवला आणि चावी फिरवली.

कार्ब्युरेटरमधली सुई तो दाब अडवू शकली नाही. पेट्रोल वरून, खालून, जिथून वाट मिळेल तिथून बाहेर पडलं आणि अंगणातून गल्लीकडे निघालं. तात्यासाहेबांनी चावी बंद केली, पण तोवर वास पसरला होता.

"गॅस लीक हुआ!" समोरच्या घरातून सगीराबी ओरडल्या.

गल्लीतल्या सगळ्या शेगड्या विझल्या. कुणीतरी शहाणपणा करून अख्ख्या गल्लीची वीज बंद पाडली. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू राजकुमार लॅपटॉपवर नोकरीची मुलाखत देत होता, तो नेमका "माझा सगळ्यात मोठा गुण म्हणजे" इथपर्यंत आला होता. तात्यासाहेब बॉनेट लावून जीपपुढे उभे राहिले आणि दहा मिनिटं तेही इतरांबरोबर गॅस शोधत राहिले. संध्याकाळी सगीराबींनी अर्धवट शिजलेल्या बिर्याणीचं पातेलं त्यांच्या ओट्यावर आणून ठेवलं. "आता तुम्हीच खावा."

जब्बार आले, त्यांनी बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. "तात्यासाब, इसको पेट्रोल पिलानेका है, नहलानेका नक्को!"

त्यांनी कमी दाबाचा पंप टाकीजवळ बसवला. इंजिनावरचा जुना पंप काढून तिथं एक पत्रा ठोकला. शेवटी डॅशबोर्डखाली, वच्छलाबाई बसत त्या बाजूला, एक बटण लावलं. "कुठं धडक झाली तर पंप चालूच राहतो. वहिनी, तुम्ही हे लगेच बंद करायचं. मात्र गाडी जागच्या जागी थांबत नाय बरं का, कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत पळती."

पुढच्या रविवारी जीप चौक्याचा चढ गाणं म्हणत चढली. निंब मागे गेला. तात्यासाहेबांनी मिशीवर हात फिरवला. वच्छलाबाईंच्या मांडीवरचं फडकं वाळून कडक झालं होतं, ते मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी जीप निंबाच्या बरीच पुढे, रणरणत्या उन्हात बंद पडली. जरा वेळाने, काहीही दुरुस्ती न करता, चावी फिरवताच सुरू झाली. तिसऱ्या रविवारी निंबाच्या थोडी अलीकडे. चौथ्या रविवारी बरोबर सावलीत. जब्बारांनी पंप, तारा, जाळी सगळं उलगडून पाहिलं. दोष सापडेना. ते स्वतः मागे बसून आले, त्या दिवशी जीप थांबलीच नाही.

सोमनाथने गिऱ्हाईक आणलं. तात्यासाहेब हरले होते. त्यांनी खिशातून चावी काढली. तिच्यावर त्यांचा अंगठा नुसताच फिरत राहिला.

"थांबा," चहा घेऊन आलेल्या वच्छलाबाई म्हणाल्या. "गाडी चांगली हाय. मीच बटण बंद करते."

जीपपाशी उभ्या असलेल्या जब्बारांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"का पण, आई?" सोमनाथने विचारलं.

"घरात ह्यांना पेपर असतो. गाडीत इंजिनाचा आवाज. शेतावर गडी. तीस वर्षं हे माझ्याशी बोलले ते त्या निंबाखाली. तुझं नाव तिथंच ठरलं." त्यांनी चहाचा ट्रे खाली ठेवला. "नवा पंप लई चांगला हाय, पण मला बोलायला माणूस उरलं नाय."

गिऱ्हाईक चहा पिऊन निघून गेलं. तात्यासाहेब चावीकडे पाहत बसले. त्यांना लाज वाटत होती, आणि ती लपवायला जवळ पेपरही नव्हता.

"पण बरोबर सावलीत कशी आणलीस?" अखेर त्यांनी विचारलं.

"पहिल्यांदा चुकलं. मग कळलं, चढावरच्या रसवंतीपाशी दाबलं की वाटीतलं पेट्रोल निंबापर्यंत पुरतं."

एवढा नेमका हिशेब तात्यासाहेबांच्या खात्यात कुणी केला नव्हता.

रविवारी जीप निघाली. वच्छलाबाई हात पदराखाली घेऊन सरळ समोर बघत होत्या. आता सगळ्यांना ठाऊक झाल्यावर बटणाकडे हात न्यायचा त्यांना संकोच वाटत होता. मांडीवर फडकं होतं, ओलं. चढ आला, तशी तात्यासाहेबांनी जीप हळू केली. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून, रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले,

"वच्छला, रसवंती आली."